खाडी तुमची कोण?

"पंखा लावू नकोस," साठ्ये मॅडम म्हणाल्या. "चिठ्ठ्या उडतील."

एप्रिलची दुपार, मला सातवा महिना, आणि आमच्या संशोधन केंद्राच्या लांब टेबलावर आंबेखोलच्या बायकांची वाक्यं पसरलेली. घाम हनुवटीवरून चिठ्ठ्यांवर पडू नये म्हणून मी ओढणी मानेभोवती गुंडाळून घेतली होती. पोटातली लाथा मारत होती. तिलाही बहुधा पंखा हवा होता.

मॅडमचं नाव होतं ते रूपक-विश्लेषणासाठी. एका गोष्टीबद्दल बोलताना माणूस दुसरीचे शब्द उसने घेतो, तिथे थांबायचं. डोकं तापलं म्हणतो, म्हणजे डोक्याची चूल झालेली असते. संसाराचा गाडा ओढतेय म्हणते, म्हणजे स्वतःला बैल समजत असते. मुलाखती शब्दन् शब्द टाइप करायच्या, असं उसनं वाक्य सापडलं की चिठ्ठीवर उतरवायचं, सारख्या चिठ्ठ्यांचे ढीग लावायचे आणि ढिगाला नाव द्यायचं. "माणसं सरळ विचारलं तर जे सांगत नाहीत, ते त्यांची रूपकं सांगून टाकतात." मॅडम हे पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या, आणि त्या एका वाक्यापायी मी बँकेची परीक्षा सोडून त्यांच्याकडे पीएचडीला आले होते.

"केवढा झाला बघ हा," मॅडमनी एक ढीग दोन्ही हातांनी सारखा केला. "'खाडी आमची आई हाय.' 'आईला सोडून कुठं जाणार?' 'आईची किरपा.' अगं, मूळ प्रतिमा इतकी स्वच्छ हाती लागायला नशीब लागतं."

"मॅडम, आणि हा?"

मी माझ्या कोपरापाशी एक लहान ढीग जमवला होता. 'खाडी म्हंजे आमचा फ्रीज.' 'माजा गल्ला.' 'सासूला न इचारता उघडायचं कपाट.' एकीने म्हटलं होतं, 'एटीएमला कार्ड लागतं, हिला निस्ते हात.'

मॅडम हसल्या. मनापासून हसल्या. "गोड आहेत. पण किरकोळ. 'इतर'मध्ये टाक."

"पण 'आई' सगळं देवळासमोरच्या मुलाखतींत आलंय. हे सगळं चिखलात आलंय. त्या काम करत होत्या तेव्हा."

"शलाका, मुलाखत ती मुलाखत."

"तिथं प्रश्नच तसा होता, मॅडम. तुम्ही विचारलंत, खाडी तुमची कोण? कोण विचारल्यावर कोणी फ्रीज कसं म्हणेल?"

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या पोटाकडे बघितलं. "तू स्वतः आई होणारेस. तुला तरी या शब्दाचं वजन कळायला हवं."

मी लहान ढिगाला रबर लावलं आणि वर 'इतर' अशी चिठ्ठी खोचली.

आंबेखोल रायगडच्या किनाऱ्यावर. तिथल्या खाडीच्या तोंडाशी एका कंपनीची जेटी व्हायची होती. जेटीसाठी भराव, आणि भराव नेमका त्या चिखलपट्ट्यावर जिथे ओहोटीला गावच्या बायका उतरतात. गुडघाभर चिखलात वाकून हातांनी तिसऱ्या नावाच्या शिंपल्या वेचायच्या, खडकावरची कालवं फोडायची, बिळात हात घालून, नांग्या चुकवत चिंबोरी ओढायची. ज्यांच्या होड्या होत्या त्या पुरुषांची नावं 'बाधित' म्हणून सरकारदरबारी लागली होती. बायकांची नव्हती. होडी नाही, जाळं नाही, परवाना नाही. चिखलाला सातबारा नसतो. त्यांच्याजवळ दाखवायला होतं ते फक्त बोलणं. म्हणून प्रांत कार्यालयाने आमच्या केंद्राकडे सामाजिक अभ्यास मागवला होता: या स्त्रियांचं खाडीशी नातं काय, आणि ते उपजीविकेत मोडतं का? आमच्या उत्तरावर त्यांची नावं लागायची होती किंवा राहायची होती.

हे त्यांनाही पक्कं ठाऊक होतं. मथुरामावशी नाखवा मला पहिल्या दिवसापासून एकच विचारायची, "आमची नावं लागतील ना गो बाय?"

"लिहिणार आहोत मावशी, सगळं लिहिणार आहोत."

"लिवशील तवा लिवशील. आदी हे खा."

पन्नाशीची बाई. अंगाने सुपारीच्या झाडासारखी. कासोटा घातलेला, केसांत भर चिखलातही अबोलीचा वळेसर. माझं पोट दिसायला लागल्यापासून ती मला चिखलात उतरू द्यायची नाही. काठावरच्या एका खडकावर बसवायची, डोक्यावर स्वतःचा टॉवेल टाकायची, आणि तिथून मी ओरडून प्रश्न विचारायचे नि त्या चिखलातून ओरडून उत्तरं द्यायच्या. रेकॉर्डरमध्ये निम्मा आवाज वाऱ्याचाच.

"दर्शना, तुला काय वाटतं गं खाडीत आल्यावर?"

दर्शना मावशीची सून. दहावी झालेली, तोंडाने तिखट. "वाटायला टाइम कुठाय? तुमी मोबाइल उघडला की काय वाटतं? तसंच. काय मिलतं ते बगायचं."

"आगो, नीट सांग, टेप चालू हाय," मावशी.

"मग सांगते ना. परवा पोरीच्या गॅदरिंगला डरेस पायजे होता. नवरा बोल्ला पगाराला बगू. मी बोल्ले, बग तू पगाराला, मी चालले एटीएमला. एटीएमला कार्ड लागतं, हिला निस्ते हात." आणि तिने चिखलाचा एक गोळा उचलून दाखवला. बायका खिदळल्या. माझ्या त्या चिठ्ठीचा जन्म तो.

पण मॅडम आल्या तेव्हा सगळं वेगळं झालं. त्या गाडीतून उतरल्या, चिखल पाहून म्हणाल्या, "आपण जरा शांत ठिकाणी बसू." समाजाचे अध्यक्ष पांडुरंगशेठ, म्हणजे मथुरामावशीचे थोरले दीर, त्यांनी देवळापुढच्या मंडपात सतरंजी टाकली. बायकांना निरोप गेला, तेव्हा त्या ठेवणीतली लुगडी नेसून, दागिने घालून आल्या. समोर पंचमंडळी खुर्च्यांवर. मॅडमनी माइक पुढे केला आणि आपल्या त्या मऊ, गोड आवाजात विचारलं, "सांगा हं, खाडी तुमची कोण?"

एकीनंतर एक, सगळ्या म्हणाल्या, आई.

संध्याकाळी मी मावशीला म्हटलं, "मावशी, चिखलात तर तुम्ही फ्रीज म्हणालात. म्हणालात, पाहुणा आला तर उघडायचा नि काढायचं."

मावशीने माझ्याकडे असं बघितलं जसं काही मी लग्नात पोहण्याचे कपडे घालून आले होते. "बाय माजे, देवळापुढं बसवलंत, जेठ समोर बसलेला, आनि बाई इचारते कोण. तिथं काय बोलू, फ्रीज?"

अहवालाचा कच्चा मसुदा मला महिनाअखेर वाचायला मिळाला. मॅडमचं गद्य सुंदरच असतं. 'आंबेखोलच्या स्त्रियांच्या भाषेत खाडी ही माता आहे. हे नातं व्यवहाराचं नाही, ते श्रद्धेचं आहे. त्याचं मोल पैशात करणं हे त्या नात्याचंच अवमूल्यन ठरेल.' शिफारस अशी की जेटीच्या तोंडाशी कंपनीने खाडीमातेचं एक छोटेखानी मंदिर बांधावं आणि वर्षातून एकदा उत्सवाला मदत करावी. उपजीविकेचा रकाना कोरा होता. 'इतर' ढीग तळटीपेतसुद्धा नव्हता.

मी तशीच उठून त्यांच्या खोलीत गेले.

"मॅडम, यानं त्यांची नावं लागणार नाहीत."

"मी नावं लावायला बसलेली नाही गं. मी अर्थ लावायला बसलेय."

"पण त्या रोज ते विकतात. त्यावर घरं चालतात."

"नाकारतंय कोण? पण त्या स्वतः काय म्हणताहेत ते ऐक ना. त्या आई म्हणताहेत. आईकडून कोणी नुकसानभरपाई मागतं का?" मग आवाज आणखी खाली आणून, "बस. पाय सुजलेत तुझे. हे बघ, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण या वेळी मी पाठवलेलं नाही. गैरसमज करून घेऊ नकोस. बाळाच्या पहिल्या वर्षात तू ही दगदग करावीस असं मलाच वाटत नाही. ऋणनिर्देशात तुझं नाव ठळक टाकलंय."

"ऋणनिर्देशात? मुलाखती मी घेतल्या, मॅडम."

"आईपण काय नोकरी आहे का शलाका? तो आनंद आहे. घे तो."

त्यांनी ड्रॉवरमधून केशराची डबी काढून माझ्या हातावर ठेवली. काश्मीरहून आणलेली, खास माझ्यासाठी. मी ती घेऊन बाहेर आले आणि जिन्यात थांबून कितीतरी वेळ त्या डबीकडे बघत राहिले. ओरडता येत नव्हतं. एवढ्या प्रेमाने काढून घेतलेल्या गोष्टीबद्दल ओरडायचं कसं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

जनसुनावणी आंबेखोलच्या शाळेत होती. सादरीकरणाची सगळी चित्रं माझ्या लॅपटॉपवर होती, म्हणून मॅडमनी मला गाडीतून नेलं. वाटेत दोनदा थांबून शहाळं पाजलं.

समोर टेबलाशी प्रांतसाहेब, कंपनीचे एक गृहस्थ आणि मॅडम. पुढच्या खुर्च्यांवर होडीवाले नि पंच. मागे जमिनीवर बायका. दुपारी ओहोटी होती, त्यामुळे त्या वेचणीच्या पाट्या-टोपल्या घेऊनच आल्या होत्या. व्हरांड्यात पाट्यांची उतरंड लागली होती.

मॅडम बोलायला लागल्या आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत वाक्य आलं: 'खाडी आमची आई हाय.' खाली नाव, मथुरा नाखवा. मुलाखतीतलं कुणाचं नाव उघड करणार नाही असं आम्ही प्रत्येकीला लिहून दिलं होतं. मी लावलेल्या चित्रात नाव नव्हतं. ते नंतर घातलेलं होतं.

टाळ्या पडल्या. मग देवळाचं चित्र आलं, लहानसा कळस, पुढे संगमरवरी ओटा. पांडुरंगशेठ खुर्चीत पुढे सरकून बसले. कंपनीचे गृहस्थ म्हणाले, "आमच्यासाठीही हा भावनेचा विषय आहे."

मथुरामावशी मागे वळून मला शोधत होती. मी भिंतीशी लॅपटॉपजवळ होते. तिचे ओठ हलले, "नावं?" मी मान हलवली. नाही.

प्रांतसाहेबांनी माइक सभेकडे पाठवला. "कुणाला काही म्हणायचंय? आधी नाव सांगा, मग बोला. माइकवर जे बोलाल ते इतिवृत्तात येईल."

मावशी उठली. माइक तिने चिंबोरी धरावी तसा लांब धरला. "मी मथुरा नाखवा. ते वर लिवलंय ते मीच बोल्ले."

"मग अभिनंदन मावशी! तुमचं वाक्य देवळावर लागणार," प्रांतसाहेब म्हणाले. हशा झाला.

"लागू द्या. पन आमची नावं..."

"मथुरे!" पांडुरंगशेठ मान न वळवताच म्हणाले. "आईचे पैशे मागतंस? बस खाली."

आणि मावशी गप्प झाली. मी तिचा चेहरा अजून विसरलेले नाही. जिने आयुष्यात कुणाला एक शब्द उधार ठेवला नव्हता, ती आपल्याच शब्दात पाय अडकून उभी होती. आई नाही म्हणावं तर देवासमोर खोटं पडतं. आई म्हणावं तर हात रिकामे.

मी पुढे आले. "साहेब, या अभ्यासातल्या मुलाखती मी घेतल्यात. मला सांगायचंय की..."

मॅडमनी स्वतःचा माइक हळूच तोंडाशी नेला. "शलाकाला बसू द्या हं आधी. तिची अवस्था नाजूक आहे, उन्हातून आलीये."

झालं. सगळी सभा एकदम माझी काळजी घ्यायला लागली. "खुर्ची द्या, खुर्ची!" "बसवा गो तिला." कोणी पाणी आणलं, कोणी लिंबू आणायला पळालं, प्रांतसाहेब स्वतः उठले आणि पंखा माझ्याकडे वळवा म्हणाले. दोन पंचांनी मला खांद्याला धरून, अगदी देवीची मूर्ती ठेवावी तसं, खुर्चीत बसवलं. मला आयुष्यात खूप जणांनी गप्प केलंय. पण त्या खुर्चीसारखं कोणी केलं नाही. "बाळाला जप, बाकी आम्ही बघतो," असं कंपनीचे गृहस्थसुद्धा म्हणाले. आम्ही बघतो!

मथुरामावशी धावत आली आणि पदराने मला वारा घालायला लागली. घाईत तिच्या दुसऱ्या हातात माइक तसाच राहिला होता.

तो माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होता.

मी बसल्या जागेवरून विचारलं, "मावशी, खाडी आई आहे म्हणालात. मग ही आई करते काय?"

पदर थांबला. "करते काय म्हंजे?"

"काय करते? कुणासाठी?"

"शलाका," मॅडम म्हणाल्या, "ही मुलाखतीची जागा नाही."

"मॅडम, हा पुढचा प्रश्न आहे. तुम्हीच शिकवलाय. रूपक सापडलं की तिथे थांबायचं नाही, त्यातून काय काय निघतं ते विचारायचं. देवळापुढे तो राहून गेला. आता विचारते." मी खुर्चीत होते, नाजूक होते, मला कोण उठवणार? "सांगा मावशी."

"खायाला घालते, आनि काय करते?" मावशी जवळजवळ रागावलीच. "आई काय करते? पोर उपाशी बगवत नाय तिला. मी लगीन होऊन आयले, तवापासून तिनंच घातलंय."

प्रांतसाहेब समजुतीने म्हणाले, "म्हणजे श्रद्धेच्या अर्थाने..."

"श्रद्धा काय तव्यावर टाकतंव?" मागून दर्शना उठली. "मी दर्शना नाखवा, लिवा. कालच्या तिसऱ्या इकून पोरीचं दफ्तर आणलं. ही श्रद्धा नाय, दफ्तर हाय."

"तुम्हाला काय देते खाडी?" मी तिच्या शेजारणीला विचारलं.

"मी यमुना कोळी. नवरा दोन वर्सं आजारी. त्याचा दवाखाना."

"तुम्हाला?"

"मी बेबी भोईर. मना काय इचारतंस, मना दुसरा कोन हाय?"

त्या उठत होत्या, नाव सांगत होत्या, बोलत होत्या, माइक हातोहात जात होता. एक म्हातारी तर माइकला विसरून थेट साहेबांपाशी गेली आणि आपले हात त्यांच्या टेबलावर उताणे ठेवले. कालवांच्या शिंपल्यांनी चिरलेली बोटं, चिरांत चिखल मुरलेला. कारकून लिहिता लिहिता थांबला, तर साहेब म्हणाले, "लिहा, लिहा."

टेबलावर मी दोन ढीग वेगळे केले होते आणि त्यांतला खरा कुठला यावरून महिनाभर मॅडमशी भांडत होते. इथे एकही बाई ते वेगळे करत नव्हती.

माइक फिरून मथुरामावशीकडे आला. या वेळी तिने तो जवळ धरला.

"मी आई बोल्ले, ते खोटं नाय. आज परत बोलते. तुमी तिच्या अंगावर दगडमाती टाकणार. टाका, तुमी सरकार. पन आई पुरायची, वर तिचं देऊळ बांधायचं, आनि लेक रडायला लागली की तिला बोलायचं, गप, आईचे पैशे मागू नको, अपमान होतो?" ती दिराकडे वळली. "भाऊजी, असं कुनाच्या घरी करतंत?"

पांडुरंगशेठनी खाली बघितलं. चपलेचा अंगठा नीट करू लागले.

मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. सह्या घ्यायला कारकुनाने इतिवृत्त पुढे ठेवलं तेव्हा दर्शनाने ते उभ्यानेच वाचलं.

"हे काय? मथुरा नाखवा, गृहिणी. यमुना कोळी, गृहिणी. सगल्या गृहिणी?"

"बाईमाणसाच्या नावापुढे तसंच लिहितात ताई," कारकून म्हणाला. बिचारा खरंच बुचकळ्यात पडला होता. "तशी पद्धत आहे."

"मग पांडुरंगशेठच्या नावापुढं काय लिवलंस?"

"मासेमार."

"तो घरी झोपतो तवा घरमालक लिवतोस का?" मावशीने विचारलं.

प्रांतसाहेब घड्याळ बघत म्हणाले, "हे नंतर दुरुस्त करता येईल. आत्ता सगळं परत लिहायचं म्हणजे उशीर होईल. तुमची ओहोटी जाईल मावशी."

सगळ्या बायकांनी एकदम खिडकीबाहेर बघितलं. पाणी मागे हटायला लागलं होतं. काठाचा चिखल उघडा पडून चकाकत होता. व्हरांड्यात पाट्या तयार. दिवसाची कमाई डोळ्यांसमोर उघडी पडत होती, आणि ती परत झाकायला भरती काही कुणासाठी थांबणार नव्हती.

मथुरामावशीने कासोटा सारखा केला आणि टेबलासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"जाऊ दे," ती म्हणाली. "लिव."

तिच्यामागे एकेक करत सगळ्या बसल्या. कारकून खोडत गेला, लिहीत गेला. गृहिणी खोडायचं, खाडीत वेचणी लिहायचं. मॅडम मध्येच उठून गाडीत जाऊन बसल्या. मी बसून राहिले. शेवटची सही होईपर्यंत पाणी परत वर चढलं होतं, आणि त्या दिवशी आंबेखोलच्या एकाही घरात तिसरी शिजली नाही.

परतीच्या वाटेवर घाट लागला तेव्हा मॅडम खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तू मला सगळ्यांसमोर उघडं पाडलंस, शलाका."

"मी एक प्रश्न विचारला, मॅडम."

"आई झालीस ना, की कळेल तुला. काही नात्यांत असे प्रश्न विचारायचे नसतात."

"शिष्यवृत्तीचा अर्ज मी स्वतः पाठवला तर तुम्ही सही कराल?"

त्या ड्रायव्हरला म्हणाल्या, "खड्डे बघून चालव रे, बाईला त्रास होईल."

सही झाली नाही. मी दुसऱ्या विद्यापीठात नव्याने नाव घातलं, तेही साजिरी दीड वर्षाची झाल्यावर. अजून प्रबंध संपलेला नाही. ती दुपारची झोपते तेवढ्यात दोन पानं होतात. कधी तिचं डोकं मांडीवर असतं आणि मी एका हाताने टाइप करते. तिच्या केसांचा वास घेत असताना मला कोणी म्हणालं ना, की आईपण म्हणजे निव्वळ आनंद, त्याचा हिशोब करू नये, तर माझे दात अजूनही आवळले जातात. आनंद आहेच. कष्टही आहेत. दोन्ही एकाच मांडीवर आहेत.

आंबेखोलची जेटी झाली. बायकांची नावं लागली, वेचणी करणाऱ्या म्हणून, होडीवाल्यांच्या खाली वेगळ्या यादीत. मोबदला उशिरा आला, आणि सगळ्यांना सारखा आला नाही. चिखलपट्टा अर्धा गेला. देऊळही झालं. मॅडमचा लेख एका जाडजूड ग्रंथात छापून आला. त्यात खाडी माता आहे, आणि जनसुनावणी झालीच नाही.

मागच्या थंडीत मी साजिरीला घेऊन तिकडे गेले. देवळाच्या संगमरवरी ओट्यावर सावली छान पडते. तिथे मथुरामावशी, दर्शना आणि आणखी चौघी ओळीने बसल्या होत्या. समोर केळीच्या पानांवर तिसऱ्यांचे वाटे लावलेले, ओट्यावरून पाण्याचे काळपट ओघळ उतरलेले, वास घमघमत होता. देवस्थान कमिटीचा एक तरुण हात जोडून, पण तणतणत सांगत होता, "काकू, कितीदा सांगायचं? ही देवाची जागा आहे. इथं बाजार मांडू नका."

"आईच्या ओट्यावर लेकीनं नाय बसायचं तर कुठं बसायचं रे? तुज्या?" मावशीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती साजिरीला जवळ ओढून तिच्या गालाला चिखलाचं बोट लावण्यात गुंतली होती. "कवरी मोठी झाली गो ही! पोटात होती तवा काय भांडली होती सरकारशी."

मी खाली वाकून तिच्या पाया पडले. मला बोलायचं होतं, बरंच साठलं होतं. तिच्या शेजारी जागा करून बसले आणि सुरुवात केली, "मावशी, तुम्हाला एक सांगायचं होतं..."

"नंतर सांग," मावशी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली. "सरक गो बाय जरा, गिऱ्हाईक आयलंय."